डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव : जीवन आणि संशोधन

बकऱ्याचे मटण घरी आले की गृहिणी त्याचे वाटे वेगळे करते. रानाचे मांस एकीकडे, कलेजी एकीकडे, गुर्दे आणि भेजा आणखी एकीकडे. प्रत्येकाचा रंग निराळा, चव निराळी, शिजायला लागणारा वेळही निराळा. जनावर एकच, त्याने खाल्लेला चारा एकच, त्याच्या सर्व अंगातून फिरलेले रक्तही एकच. मग हा फरक आला कोठून?

याचे उत्तर असे की, अन्नातून तयार होणारी द्रव्ये शरीरात सर्वत्र सारखी वाटली जात नाहीत. काही द्रव्ये प्रत्येक अवयवात सापडतात. काही एका अवयवात भरपूर असतात आणि दुसऱ्यात जवळजवळ नसतात. काही बनतात एकीकडे, साठवली जातात दुसरीकडे आणि कामाला येतात तिसरीकडेच. माणसाच्या शरीराचीही हीच व्यवस्था आहे. कोणते द्रव्य कोठे आहे आणि ते तेथेच का आहे, या प्रश्नाचा उलगडा होत गेला तसतसे अनेक आजारांचे मूळ डॉक्टरांना समजू लागले.

या प्रश्नामागे आयुष्य वेचणाऱ्या संशोधकांत एका भारतीयाचे नाव फार वरचे आहे. ते म्हणजे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. शाळेत असताना हा मुलगा मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या खेपेस पास झाला होता. म्हणून त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी तर वाचावेच, पण मुलाचा निकाल हाती घेऊन चिंतेत बसलेल्या पालकांनीही वाचावे.

बालपण आणि शिक्षण

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमवरम येथे एका गरीब तेलुगू ब्राह्मण कुटुंबात झाला. हे गाव आज आंध्र प्रदेशात आहे. त्या वेळी ते मद्रास इलाख्यात होते. वडील महसूल खात्यात साध्या नोकरीवर होते. भावंडे सात आणि मिळकत तुटपुंजी, त्यामुळे घरात ओढाताण कायमचीच होती.

मुलगा हूड होता आणि अभ्यासात त्याचे लक्ष नव्हते. तेरा वर्षांचा असताना काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावी आणि पैसा कमवावा, या विचाराने तो घरातून पळाला. त्याला वाटेतून परत आणण्यात आले. पुढे वडिलांचे निधन झाले. अशा परिस्थितीत एखाद्या आईने मुलाला कामधंद्याला लावले असते तर तिला कोणी नाव ठेवले नसते. परंतु त्यांच्या आईने, वेंकम्मा यांनी, तसे केले नाही. अंगावरचे दागिने विकून तिने मुलाला शिकण्यासाठी मद्रासला पाठवले, असे सांगितले जाते. दोन वेळा अपयश आल्यावर तेथील हिंदू हायस्कूलमधून तो मॅट्रिक झाला. त्यानंतर प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्याने इंटरची परीक्षा दिली.

तरुण सुब्बाराव यांचा ओढा संन्यासाकडे होता. रामकृष्ण मिशनमध्ये जाण्याची त्यांची तयारी झाली होती. आईने परवानगी दिली नाही. मिशनमधील वडीलधाऱ्यांनीही त्यांना वैद्यकी शिकून लोकांची सेवा करण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणे त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात नाव घातले. फी आणि पुस्तकांचा खर्च मित्रांनी आणि पुढे त्यांचे सासरे झालेल्या कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी उचलला. १९१९ साली त्यांचा विवाह झाला.

तो काळ स्वदेशीच्या चळवळीचा होता. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा झगा घालून जाऊ लागले. शस्त्रक्रियेचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफील्ड यांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेत चांगली कामगिरी होऊनही सुब्बाराव यांना एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी मिळाली नाही; त्याऐवजी एल.एम.एस. हे कमी दर्जाचे प्रशस्तिपत्र मिळाले. सरकारी वैद्यकीय सेवेची दारेही उघडली नाहीत. शेवटी मद्रासमधील डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवण्याची नोकरी त्यांनी पत्करली.

याच सुमारास घरावर मोठा आघात झाला. काही दिवसांच्या अंतराने त्यांचे दोन भाऊ वारले. थोरल्या भावाचा आजार होता उष्ण प्रदेशात आढळणारी संग्रहणी. या आजारात आतड्याचे आतले अस्तर बिघडते, खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, जीभ सोलवटते आणि रक्त कमी होत जाऊन माणूस खंगतो. तेव्हाच्या डॉक्टरांजवळ त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. खुद्द सुब्बाराव यांनाही या आजाराने गाठले होते. ते कसेबसे वाचले. रोगाचे मूळ शोधल्यावाचून नुसते औषध देण्यात अर्थ नाही, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसली.

परदेशगमन

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात उष्ण प्रदेशातील रोगांचे शिक्षण देणारी शाळा होती. तेथे प्रवेश मिळाला, पण पैशाचे काय? काकिनाडा येथील सत्यलिंगम नायकर धर्मादाय निधीने मदतीचे आश्वासन दिले आणि सासऱ्यांनी उरलेली रक्कम जमवली. ऑक्टोबर १९२२ मध्ये सुब्बाराव बोस्टनला पोहोचले. त्यांचे वय तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. पत्नी हिंदुस्थानातच राहिल्या. तीन-चार वर्षांत परतायचे, असा बेत होता. प्रत्यक्षात ते पुन्हा कधीच मायदेशी आले नाहीत.

बोस्टनमध्ये त्यांच्या पदवीला मान नव्हता, त्यामुळे डॉक्टर म्हणून काम करणे शक्य नव्हते. पोट भरण्यासाठी त्यांनी तेथील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात रात्रपाळीच्या हमालाची नोकरी धरली. रोग्यांची मलमूत्राची भांडी उचलणे आणि धुणे हे त्यांचे काम होते. दिवसा अभ्यास आणि रात्री हे काम, अशा रीतीने त्यांनी पदविका मिळवली. मग ते हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली दाखल झाले.

स्फुरद मोजण्याची रीत

फिस्के यांना शरीरातील स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, अभ्यास करायचा होता. आपल्या शरीरातील सुमारे ८५ टक्के स्फुरद हाडांत आणि दातांत असते. उरलेला थोडा भाग स्नायू, यकृत, मेंदू, रक्त अशा मऊ ऊतींत विखुरलेला असतो. हा थोडा भाग तेथे काय करतो हे कोणाला नीट ठाऊक नव्हते, कारण तो अचूक मोजण्याची सोपी रीत उपलब्ध नव्हती.

फिस्के आणि सुब्बाराव यांनी ती रीत बसवली आणि १९२५ साली प्रसिद्ध केली. रक्ताच्या किंवा ऊतीच्या अर्कात आम्लयुक्त मॉलिब्डेट आणि आणखी एक रसायन घातले की निळा रंग येतो. स्फुरद जितके जास्त, तितका रंग गडद. माहीत असलेल्या प्रमाणाच्या रंगाशी तो ताडून पाहिला की आकडा मिळतो. जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यानपिढ्या ही रीत फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने शिकत आल्या आहेत.

रीत हाती येताच त्यांनी ती स्नायूच्या अर्कावर लावली. तेथे एक विचित्र गोष्ट दिसली. रंग एकदम यावा तसा येईना. तो सावकाश, हळूहळू चढत राहिला. दुसऱ्या एखाद्याने रसायन खराब आहे असे समजून तो अर्क फेकून दिला असता. या दोघांनी वेगळा विचार केला. स्नायूत स्फुरद मोकळे नसून कशाला तरी सैलपणे बांधलेले असावे आणि परीक्षानळीत ते सुटत जाते तसा रंग चढत असावा, हे त्यांनी ओळखले. ते दुसरे द्रव्य निघाले क्रिएटिन. स्फुरद आणि क्रिएटिन यांच्या या जोडद्रव्याला फॉस्फोक्रिएटिन म्हणतात. १९२७ साली त्यांनी हा शोध जाहीर केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगल्टन पतिपत्नींच्या हातीही हेच द्रव्य लागले होते.

पुढचा प्रयोग सोपा पण मार्मिक होता. स्नायूला विजेचे धक्के देऊन थकवले की त्यातील फॉस्फोक्रिएटिन घटत असे आणि विसावा दिला की ते पुन्हा भरून येत असे. म्हणजे हे द्रव्य स्नायूच्या कामाशी बांधलेले होते. तोवर स्नायूच्या आकुंचनाचे श्रेय लॅक्टिक आम्लाला दिले जाई आणि स्नायूवरील कार्यासाठी हिल व मायरहॉफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. आता त्या मताला धक्का बसला. १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी लॅक्टिक आम्ल बनू न देताही स्नायू आकसतो हे दाखवले, तेव्हा जुने मत मागे पडले.

यानंतर १९२९ साली फिस्के आणि सुब्बाराव यांनी स्नायू व यकृत या दोहोंतील स्फुरदयुक्त द्रव्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात आणखी एक द्रव्य होते. त्याचे नाव ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, ज्याला विद्यार्थी ए.टी.पी. म्हणून ओळखतात. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हा शोध लावला. आज हे नाव शाळेच्या पुस्तकात असते. पण त्यामागे एका तेलुगू माणसाचे हात आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

कोठे काय आहे आणि का

या दोन द्रव्यांच्या वाटणीतच मोठा बोध आहे. ए.टी.पी. हे शरीरातील प्रत्येक जिवंत पेशीत असते. स्नायूत आहे, यकृतात आहे, मेंदूत आहे. ते रोख पैशासारखे आहे. कोणतेही काम करायचे तर पेशीला तेच मोजावे लागते. त्याचा साठा कोणत्याही क्षणी फार थोडा असतो. पण खर्च झालेले ए.टी.पी. पुन्हा पुन्हा घडवले जाते आणि दिवसभराचा हिशेब केला तर तो माणसाच्या वजनाच्या जवळपास जातो.

फॉस्फोक्रिएटिन मात्र सर्वत्र नसते. शरीरातील क्रिएटिनपैकी सुमारे ९५ टक्के हाडांना जोडलेल्या स्नायूंत असते. थोडे हृदयात आणि मेंदूत असते. यकृतात ते जवळजवळ नसते. असे का? स्नायूवर कामाचा बोजा अवचित येतो. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू क्षणात झेप घेतो. त्या वेळी स्नायूतले ए.टी.पी. दोन-तीन सेकंदांत संपले असते. अशा वेळी फॉस्फोक्रिएटिन आपले स्फुरद देऊन ते भरून काढते आणि सुमारे दहा सेकंदांचा जोर टिकवते. यकृताचे काम संथपणे आणि अखंड चालते. त्याला अशा तातडीच्या गंगाजळीची गरज पडत नाही. गमतीची गोष्ट अशी की क्रिएटिन बनते मूत्रपिंडात आणि यकृतात; रक्तावाटे ते स्नायूंकडे जाते आणि स्नायू ते ओढून घेतात. बनवणारा अवयव एक आणि साठवणारा दुसरा.

या ज्ञानाचा उपयोग आज तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होतो. फॉस्फोक्रिएटिन हाताळणारे क्रिएटिन कायनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, मुख्यतः स्नायू, हृदय आणि मेंदू यांच्या पेशींत असते. ते रक्तात वाढलेले दिसले तर स्नायूला इजा झाल्याचा संशय येतो. पूर्वी हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी ही तपासणी फार वापरत. आता त्यासाठी ट्रोपोनिन हे प्रथिन पाहतात. कावीळ झालेल्या रोग्याचे एस.जी.पी.टी. तपासतात, कारण ते विकर प्रामुख्याने यकृताच्या पेशींत असते आणि त्या पेशी फुटल्या की रक्तात उतरते. द्रव्य कोणत्या अवयवाचे आहे हे ठाऊक असल्यामुळेच रक्ताच्या चार थेंबांवरून दुखणे कोठे आहे ते कळते.

यकृताकडे

१९३० साली सुब्बाराव यांना पीएच.डी. मिळाली. तरीही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा दिली गेली नाही. विभागातील त्यांचे बरेच काम छापलेही गेले नाही. त्याच विभागात काम केलेले आणि १९८८ साली नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी पुढे असे सांगितले की, सुब्बाराव यांनी वेगळी केलेली काही द्रव्ये इतरांना अनेक वर्षांनी पुन्हा शोधावी लागली, कारण फिस्के यांनी ते काम उजेडात येऊ दिले नाही. सुब्बाराव स्वतः श्रेयासाठी भांडत बसले नाहीत.

त्यांचे लक्ष आता यकृताने वेधले होते. १९२६ मध्ये बोस्टनमध्येच मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवले होते की, जीवघेण्या ठरणाऱ्या एका प्रकारच्या पंडुरोगात रोग्याला भरपूर यकृत खाऊ घातले तर तो वाचतो. यकृतात असे काय आहे? ते रसायन वेगळे काढण्याची शर्यत सुरू झाली. सुब्बाराव त्यात उतरले.

याच प्रश्नाचे दुसरे टोक आपल्या मुंबईत होते. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गरोदर स्त्रियांना होणारा तीव्र पंडुरोग हा त्यांचा विषय होता. या रोगात रक्तपेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होतात. मुंबईतील गरीब मुसलमान स्त्रियांत त्यांना हा आजार विशेष आढळला. त्यांचा आहार तपासला तेव्हा तो निकस असल्याचे दिसले. विल्स यांनी यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि त्या स्त्रिया भराभर सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे असेही दिसले की, बोस्टनच्या रोग्यांना बरा करणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांना लागू पडत नाही. मात्र कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क लागू पडतो. म्हणजे यकृतात रक्तासाठी लागणारी द्रव्ये एक नसून दोन होती. शुद्ध करताना त्यातले एक गाळून जात होते.

फोलिक आम्ल

१९४० साली सुब्बाराव न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. विल्स यांना ज्याचा सुगावा लागला होता ते द्रव्य पालकाच्या भाजीत असल्याचे टेक्ससमधील शास्त्रज्ञांना १९४१ मध्ये दिसले. सुमारे चार टन पालकातून त्यांना त्याचा अगदी थोडा अंश मिळाला. पानावरून त्यांनी त्याला फोलिक आम्ल हे नाव दिले. १९४३ मध्ये लेडर्लेच्या चमूने ते यकृतातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९४५ पर्यंत त्याची घडण ओळखून ते प्रयोगशाळेत तयार करण्यात यश आले. आता टनावारी पालक किंवा यकृत लागणार नव्हते. गोळी करता येणार होती.

या द्रव्याचा शरीरातील प्रवास ध्यानात घेण्यासारखा आहे. हिरव्या भाज्या, डाळी, कडधान्ये, यकृत यांतून ते पोटात जाते. लहान आतड्याच्या वरच्या भागात ते शोषले जाते. शरीरातील साठ्यापैकी जवळजवळ निम्मे यकृतात राहते. पण त्याची सर्वांत मोठी निकड असते हाडांच्या पोकळीतील मज्जेला, कारण तेथे अहोरात्र नव्या रक्तपेशी घडत असतात आणि नवी पेशी घडवायला फोलिक आम्ल लागते. साठा तीन-चार महिन्यांचाच असतो. आतडे बिघडले किंवा आहार निकस झाला की यकृतातला साठा उतरतो आणि मज्जेतील काम अडते. मग मोठ्या, अपुऱ्या रक्तपेशी तयार होतात. संग्रहणीच्या रोग्याला पंडुरोग का होतो याचा उलगडा असा झाला. रोग आतड्यात, कोठार यकृतात आणि टंचाई मज्जेत!

१९४५-४६ च्या सुमारास टॉम स्पाईज या अमेरिकन डॉक्टरांनी क्यूबा आणि पोर्टो रिको येथील संग्रहणीच्या रोग्यांना फोलिक आम्ल दिले. ते रोगी सुधारले. ज्या आजारासमोर मद्रासमध्ये सुब्बाराव हतबल होऊन उभे राहिले होते, त्यावरचा इलाज त्यांच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडला. भाऊ गेल्याला तोवर वीसहून अधिक वर्षे झाली होती.

बोस्टनच्या जीवघेण्या पंडुरोगावरचे द्रव्य मात्र दुसरे निघाले. ते ब-१२ जीवनसत्त्व १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. तेही यकृतातच साठते, परंतु त्याचा साठा कित्येक वर्षे पुरतो. या दोहोंत गल्लत करून चालत नाही. ब-१२ ची उणीव असलेल्या रोग्याला नुसते फोलिक आम्ल दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

शेवटची वर्षे

नवी पेशी घडायला फोलिक आम्ल लागते, तर रक्ताच्या कर्करोगात बेफाम वाढणाऱ्या पेशींना ते मिळू दिले नाही तर काय होईल? बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी हा विचार केला. लेडर्लेच्या रसायनतज्ज्ञांनी फोलिक आम्लासारखीच दिसणारी पण त्याचे काम अडवणारी द्रव्ये बनवून दिली. त्यांपैकी एकाचे नाव ॲमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये फार्बर यांनी जाहीर केले की, हे औषध दिलेल्या १६ बालकांपैकी १० जणांत सुधारणा दिसली. ती सुधारणा टिकली नाही. पण या कर्करोगावर औषध चालू शकते हे प्रथमच सिद्ध झाले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही कर्करोगात आणि संधिवातात देतात.

याच काळात त्यांच्या देखरेखीखाली हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामाझिन हे औषध तयार झाले. विदर्भातील जिल्ह्यांत हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघर ज्या गोळ्या खाऊ घालत आले आहेत, त्यांत हीच गोळी असते. निवृत्त होऊन सत्तरी ओलांडलेल्या बेंजामिन डग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाला त्यांनी कामावर घेतले होते. डग्गर यांनी मातीतल्या जंतूपासून ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविक शोधले. १९४८ मध्ये ते जाहीर झाले.

ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बाराव झोपेतच हृदय बंद पडून वारले. वय अवघे त्रेपन्न वर्षांचे. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नव्हते. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. १९५३ मध्ये एका बुरशीच्या जातीला त्यांच्यावरून सुब्बारोमायसेस हे नाव देण्यात आले आणि १९९५ साली जन्मशताब्दीनिमित्त भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांची कीर्ती एवढ्यावर राहिली; त्यांची औषधे मात्र जगभर पोहोचली.

आपल्यासाठी

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रात अपयशाचे प्रसंग थोडे नाहीत. दोनदा नापास, अर्धी पदवी, नाकारलेली नोकरी, हमालीचे काम, न मिळालेले श्रेय. यातून निष्कर्ष असा काढू नये की नापास होणे चांगले. निष्कर्ष एवढाच की, निकालाचा कागद म्हणजे माणूस नव्हे. सावकाश चढणाऱ्या निळ्या रंगाकडे त्यांनी चूक म्हणून न पाहता प्रश्न म्हणून पाहिले. ही नजर परीक्षेत मोजली जात नाही, पण ती अंगी बाणवता येते.

पालकांनी दुसरी एक गोष्ट पाहावी. या मुलाला घडवण्यात आईचा त्याग होता, मित्रांची मदत होती, सासऱ्यांचे पाठबळ होते आणि एका धर्मादाय निधीचा हात होता. यांपैकी एक कडी तुटली असती तर सुब्बाराव बोस्टनला पोहोचले नसते. शिष्यवृत्तीत दिलेला रुपया कोठे जाऊन रुजेल हे देणाऱ्याला कधीच ठाऊक नसते.

आणि शेवटची गोष्ट घरातल्या मुलींची. विल्स यांनी मुंबईत पाहिलेल्या पंडुरोगाचे सावट अजून सरलेले नाही. शाळेत दर आठवड्याला मुलामुलींना जी निळी गोळी दिली जाते, तिच्यात लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. गरोदर स्त्रियांना रोज घ्यायला दिल्या जाणाऱ्या लाल गोळीतही हीच द्रव्ये असतात. पोटातील बाळाच्या मेंदूची व मणक्याची घडण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या महिन्यातच होते. आधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास त्यातील जन्मजात व्यंगे फार कमी होतात, हे १९९१ मध्ये मोठ्या पाहणीतून सिद्ध झाले. पुष्कळ घरांत ही गोळी मळमळते म्हणून किंवा गैरसमजाने फेकून दिली जाते. ती जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. गरोदरपणी रक्तवाढीसाठी नुसत्या कलेजीवर मात्र भिस्त ठेवू नये. तीत अ जीवनसत्त्वाचाही साठा फार असतो आणि तो जास्त झाला तर बाळाला अपाय होऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरांना विचारावे.

परळच्या हाफकिनमध्ये ज्या गरीब मायबहिणींचे रक्त तपासले गेले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या आजारातून सुरू झालेला शोध सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत पुरा झाला आणि गोळीच्या रूपाने आपल्या दारी परत आला. ती गोळी मुलीला रिकाम्या पोटी न देता, जेवण झाल्यावर, आठवणीने द्यावी.